नीळ नसलेला साचा

मास्तर : दिवा जवळ घ्या मिस्त्री. अजून जवळ. निळा कुठाय?

मिस्त्री : कसला निळा?

मास्तर : कडेनं दोन बोटं साचा फोडला मी. एव्हाना निळा थर दिसायला हवा होता. आधीच्या चारही तुकड्यांना दिसला. हा आपला पांढराच निघतोय.

मिस्त्री : मला तर सगळंच पांढरं दिसतंय. पण माझं काय घेऊन बसलात, मला लाकडापलीकडे अक्कल नाही.

मास्तर : सूनबाई, या तुकड्याचं पहिलं घमेलं तू कालवलंस ना?

सून : हो, बाबा.

मास्तर : नीळ घातली होतीस?

सून : (पुटपुटत) नाही.

मास्तर : मोठ्यानं बोल. कानातलं मशीन काढून ठेवलंय मी, धुळीनं बिघडतं.

सून : नाही घातली.

मास्तर : नाही घातली.

सून : पुडी खिडकीत तशीच आहे. मघाशी झाडताना दिसली. फोडलेलीच नाही.

मिस्त्री : अहो, मग त्यात एवढं काय? कपड्याला नीळ कमी पडली तर कपडा पिवळा दिसतो. बस स्टँडच्या भिंतीला काय होणार? तीस वर्षं तुमच्या चौकटी ठोकतोय, पण ही निळीची भानगड कधी विचारली नाही बघा.

मास्तर : भानगड काही नाही. आधी मातीत चित्र करायचं. त्यावर प्लास्टरचा पहिला पातळ हात मारायचा, तो निळीचा. त्यावर जाड पांढरा थर. तो झाला साचा. मग आतली माती उकरून टाकायची, साचा धुवायचा, साबण लावायचा आणि आत नवं प्लास्टर ओतायचं. खरं काम ते. ते घट्ट झालं की बाहेरचा साचा फोडून काढायचा. फोडता फोडता निळा लागला की समजायचं, आता सांभाळा, याच्याखाली चेहरा आहे.

मिस्त्री : आणि निळा नसला तर?

मास्तर : तर छिन्नी नाकात शिरली की समजायचं.

मिस्त्री : आंधळी कोशिंबीरच की ही.

मास्तर : हं.

मिस्त्री : मग परत करा की. माती आहेच तुमच्याकडे, ढीगभर.

मास्तर : माती आहे. मातीतलं गेलं. साचा रिकामा करताना तेच तर उकरून टाकलं. आता जे काय आहे ते या कवचाच्या आत. दुसरं नाही.

मिस्त्री : बरं, बरं. म्हणजे त्या बाईचं गाठोडं, त्या माणसाची छत्री…

मास्तर : गाठोडं, छत्री, चपला, त्या गेल्या तरी परत लावून देईन. बस स्टँडवर चपला कोण बघतो? चेहरा परत होणार नाही.

मिस्त्री : पाच तुकड्यांत तीस माणसं रांगेत उभी केलीत, मास्तर. त्यात एखाद्याचं नाक गेलं तर जाऊ द्या. माझंच बघा ना, दुसऱ्या तुकड्यात माझं पोट दोन बोटं जास्त बाहेर काढलंत. उठावाचं काम म्हणून काय पोटही उठवायचं? बायको रोज स्टँडवर जाऊन हसून येते. मी काही बोललो?

मास्तर : तुमचं पोट मापानं आहे.

मिस्त्री : असेल, असेल. पण… थांबा. हा पाचवा. मागे वळून बघणारा तो यातच आहे ना?

मास्तर : हो.

मिस्त्री : सगळे बस येते तिकडे बघतायत आणि तो एकटा मागे. मातीत असताना मी पाहिला होता. ओळखला पण होता. बोललो नाही.

मास्तर : बरं केलंत.

सून : मलाही माहीत होतं.

मास्तर : तुला कुणी सांगितलं?

सून : सांगायला कशाला हवं? पाच डोकी उघडी आणि एकाच तोंडावर ओलं फडकं. माती सुकू नये म्हणून म्हणालात. बाकीच्यांची माती सुकत नव्हती का? न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

मास्तर : मग बोलली नाहीस.

सून : तुम्ही बोललात?

मिस्त्री : मी जरा बाहेर चौकटीला रंधा मारून येतो.

मास्तर : थांबा इथेच. दिवा कोण धरणार? टेम्पो किती वाजता येणार आहे?

मिस्त्री : चारला. स्टँडच्या साहेबाचा दोनदा फोन येऊन गेला. भिंतीत पाचव्या तुकड्याची जागा पडल्या दातासारखी दिसते म्हणाला.

मास्तर : दिसू दे. सूनबाई, विसरलीस का?

सून : काय?

मास्तर : नीळ. आधीच्या चारांना आठवणीनं घातलीस. याच तुकड्याला कशी विसरलीस?

मिस्त्री : अहो, होतं माणसाकडून. दिवसभर ती दातांच्या डॉक्टरकडे साचे भरते, तिथं कोण नीळ घालतं? लोक निळे दात लावून हिंडतील. सवयीनं राहिलं असेल. काय गं पोरी?

सून : असेल.

मास्तर : असेल म्हणजे?

सून : म्हणजे मलाच माहीत नाही, बाबा. तेच आठवायचा प्रयत्न करतेय मघापासून. पाणी घेतलं, पावडर शिंपडली, बुडबुडे जाईपर्यंत थांबले, कालवलं. नीळ खिडकीत होती, समोर. मी तिकडे बघितलं हे आठवतंय. बघून घातली नाही की बघूनही दिसली नाही, हे नाही आठवत.

मास्तर : बघून का नाही घालणार?

सून : …

मास्तर : ऐकू नाही आलं.

सून : बोललेच नाही अजून. सांगते. सकाळी सव्वाआठला माझी बस असते. तीन नंबरच्या फलाटावर. ती कधी वेळेवर येत नाही, वीस मिनिटं उभं राहावं लागतं. फलाटासमोर कुठली भिंत आहे?

मास्तर : ही. आपलीच.

सून : रोज वीस मिनिटं. सुट्टीचा दिवस सोडून रोज. आणि तो काय करतोय? तर मागे वळून बघतोय. तुम्ही मला विचारलंत?

मास्तर : नाही.

सून : का नाही विचारलं?

मास्तर : मला वाटलं तुला बरं वाटेल. काम पूर्ण झाल्यावर दाखवीन म्हटलं. मग… खरं सांगू? तू नको म्हणशील अशी भीती वाटली. म्हणून विचारलं नाही.

सून : मी नकोच म्हटलं असतं.

मिस्त्री : मास्तर, माझं ऐकाल? झाकली मूठ सव्वा लाखाची. या तुकड्यातली बाकीची माणसं सोडवा आणि त्याच्या चेहऱ्यावर तेवढं कवच राहू द्या. लोक म्हणतील आधुनिक कला आहे.

मास्तर : मिस्त्री.

मिस्त्री : गप्प बसतो.

मास्तर : सूनबाई, पहिला हात मारलास तेव्हा तर फडकं काढलं असशील. चेहरा पाहिला असशील ना?

सून : नाही. डोळे मिटून फडकं ओढलं. तोंड खिडकीकडे करून प्लास्टर उडवलं. मूठ भरायची आणि उडवायची, कुठं पडतंय ते आवाजावरून कळत होतं. पूर्ण पांढरं झाल्यावरच वळले.

मास्तर : नाकपुड्यांत हवा राहिली असेल मग.

सून : नाही राहिली. फुंकर मारली होती. न बघता.

मास्तर : न बघता फुंकर मारलीस.

सून : काम तर नीट करायला हवं ना.

मिस्त्री : धन्य आहे बाई तुमच्या घराची. एकानं लपून करायचं, दुसरीनं न बघता झाकायचं. आणि आता रोज एका ताटाशी जेवता तेव्हा बोलता तरी काय?

सून : मीठ द्या म्हणतो.

मास्तर : हिला रागावू नका, मिस्त्री.

मिस्त्री : रागावत नाही हो. आठ महिने झाले. सकाळी उठलाच नाही पोरगा, छत्तीस वर्षांचा, तेव्हा खांदा द्यायला मीही होतो. तुम्हा दोघांच्या डोळ्याला पाणी नव्हतं. मला वाटलं घरी रडत असतील.

सून : घरी पण नाही. मला काही होतच नाही, मिस्त्रीकाका. पायाला मुंग्या येऊन पाय जड पडतो ना, तसं सगळं अंगच झालंय. उठते, बसमध्ये बसते, दुसऱ्यांच्या दातांचे साचे भरते, येते. आता सुद्धा बघा, बाबांचं एवढं नुकसान केलं मी, तर वाईट वाटायला हवं. शोधतेय कुठे वाटतंय का.

मास्तर : मलाही राग शोधावाच लागतोय. नाही सापडत.

मिस्त्री : मग तो शोधत बसण्यापेक्षा चेहरा शोधा. दोन वाजून गेले. मास्तर, पाकीटभर फोटो आहेत त्याचे. हा बिघडला तर त्यावरून करा दुसरा.

मास्तर : फोटोवरून केलं की फोटोच होतो. मिस्त्री, तो मला दिसायचाच बंद झाला होता. डोळे मिटले की नुसता शर्ट दिसायचा. एका दुपारी हात मातीत होते आणि अचानक आला. समोर. दीड तासात झालं काम. त्यानंतर परत नाही आला. आता मिटून बघितलं तरी शर्टसुद्धा दिसत नाही. म्हणून म्हणतो, दुसरा होणार नाही.

सून : हे तरी सांगायचंत.

मास्तर : कुणाला? मीठ मागताना?

मिस्त्री : पूर्वी असा साचा तो कसा फोडायचा? तुमचं फोडकाम सगळं तोच करायचा की.

मास्तर : तो निळ्याकडे बघायचाच नाही. ऐकायचा. साबण लावलेला असतो ना मधे, तिथे कवच आतून सुटं असतं. जाड असेपर्यंत ठोका भरीव येतो. चेहऱ्याजवळ आलं की पोकळ. अगदी किंचित फरक. मला तरुणपणीही कसाबसा कळायचा, आता तर देवळातली घंटा पण कळत नाही.

सून : मला कळतो.

मास्तर : काय?

सून : मला कळतो फरक, बाबा! आमच्याकडे दातांचा साचा तसाच सोडवतात. ठोकून. दिवसाला पंधरा सोडवते मी.

मास्तर : दात वेगळे.

सून : प्लास्टर तेच.

मास्तर : …घे मग. ही बोथट छिन्नी घे. पण आधी एक ऐक. तुला तो तिथे नको असेल तर आताच सांग. एक ठोका जास्त बसला तर कुणाला कळणार नाही. मिस्त्रींना कळणार नाही, मला तर ऐकूच येणार नाही. मी विचारणारही नाही. तुझ्या हातावर सोडून दिलं मी.

सून : असं नका करू.

मास्तर : का?

सून : मला फोडायचा पण नाहीये. ठेवायचा पण नाहीये. तुम्ही माझ्यावर टाकलंत की मला काहीतरी एक वाटावं लागेल.

मिस्त्री : वाटेल तेव्हा वाटेल, पोरी. तू आधी ठोका मार. दिवा कुठे धरू?

सून : डावीकडून. तिरपा. आणि बोलू नका काही.

(बराच वेळ फक्त ठोके. मधेच एखादी खपली फरशीवर पडते.)

मिस्त्री : बोलू का?

सून : हं.

मिस्त्री : केस दिसायला लागले.

सून : मला आवाज येतोय. बघत नाहीये मी.

मास्तर : न बघता करतेस? सूनबाई, हे अति झालं.

सून : हातांना कळतंय. कपाळ आलं. इथे पातळ आहे, नखानं निघेल. बाबा, तुम्ही काढा ना इथलं.

मास्तर : तुझा हात बसलाय. तूच काढ.

सून : निघालं. हा गाल. हे नाक… नाकाला लागलं नाही. ओठ. खालची हनुवटी सुटली की झालं. सुटली.

मिस्त्री : अरे देवा. ओरखडा नाही, मास्तर. एक ओरखडा नाही.

मास्तर : ब्रश द्या मला. धूळ झाडू द्या. हो… हाच. असाच आला होता त्या दुपारी. बघ आता. सूनबाई, एकदा बघ. मग नको म्हणालीस तर मी हातोडी स्वतः घालीन, शपथ.

सून : शपथ नका घेऊ. बघते.

मिस्त्री : काय गं?

सून : कोण आहे हा?

मास्तर : कोण म्हणजे?

सून : छान आहे. पण हा… बाबा, हा किती वर्षांचा आहे?

मास्तर : छत्तीस. का?

सून : एकोणीस-वीसचा आहे हा. गाल बघा. केस बघा केवढे दाट. माझ्याशी लग्न झालं तेव्हाच पुढून मागे गेले होते. आणि भुवई कुठाय?

मास्तर : दोन्ही आहेत भुवया.

सून : सरळ आहेत. त्याची एक भुवई तुटलेली होती. मधे केस नव्हते, तीन टाके पडले होते तिथे. आम्ही नव्या खोलीत वेगळे राहायला गेलो त्याच वर्षी.

मास्तर : नाही. माझ्या पोराच्या भुवईला काही नव्हतं.

सून : आठ वर्षं होतं, बाबा.

मास्तर : मिस्त्री?

मिस्त्री : होतं, मास्तर. मीच चिडवायचो त्याला, बायकोनं लाटणं फेकून मारलं म्हणून.

मास्तर : आठ वर्षं. दर रविवारी इथे समोर बसून काम करायचा. याच दिव्याखाली. मी लोकांच्या भुवया बघून पोट भरलं. मिस्त्रींचं पोट दोन बोटं जास्त आहे की कमी हे मला झोपेत सांगता येतं. आणि घरच्या पोराची…

सून : घरचं माणूस कोण बघतं एवढं.

मास्तर : तू बघितलंस.

सून : मी बघितलं.

मिस्त्री : चुकीचा नाही हो हा. लहानपणीचा आहे, एवढंच. याला मी इथेच लाकडाच्या तुकड्यांशी खेळताना पाहिलंय. डिट्टो.

मास्तर : छिन्नीचं टोक बारीक करून देतो, सूनबाई. तूच तोडून दे भुवई, जिथे होती तिथे. प्लास्टर ओलसर आहे तोवर खरवडता येतं.

सून : नको.

मास्तर : दोन मिनिटांचं काम आहे.

सून : ते नाही. तेवढं माझ्याकडे राहू द्या. हा तुमचा आहे, बाबा. कॉलेजातून परत येऊन दप्तर तिथे फेकणारा. याला मी ओळखत नाही, आमची भेटच नव्हती तेव्हा. याच्यासमोर मी वीस मिनिटं उभी राहू शकते. चांगला मुलगा आहे. माझ्याकडे बघतोय असंही नाही वाटत.

मास्तर : मग लावू?

सून : लावा.

मास्तर : नक्की?

सून : लावा हो. मिस्त्रीकाका, चौकट आणा.

मिस्त्री : आणतो. तो बघा, भोंगा वाजवतोय टेम्पोवाला, घड्याळ चुकेल पण हा चुकायचा नाही. मी त्याला चहा पाजून थोडा अडकवतो. तुम्ही कडा तासून घ्या.

मास्तर : सूनबाई.

सून : अं?

मास्तर : कशानं लागलं होतं त्याला?

सून : सांगेन संध्याकाळी. टेम्पो आलाय.

मास्तर : थांबेल तो. टाके घालताना ओरडला का गं?

सून : नाही. हसत होता. बाबांना सांगू नको म्हणाला, उगाच माप घेत बसतील.

मास्तर : कुठली भुवई?

सून : उजवी.

मास्तर : थांब, मशीन लावू दे कानात. हां. आता सांग. सुरुवातीपासून सांग, सगळं.

सून : बसा मग. त्या स्टुलावर नको, ते ओलं आहे, इकडे बसा. रविवार होता. मी खिडकी पुसत होते.